उसने आजोबा

माझ्यापाशी एक आजोबा आहेत. ते माझे नव्हेत, आणि खरे म्हणजे कुणाचेच नव्हेत. मीच ते तयार केले. साताऱ्याकडच्या एका खेड्यात ते राहतात, पहाटे उठून मोटेवर जातात, स्वतः निरक्षर असून नातवंडांना हट्टाने शाळेत धाडतात, आणि एका दुष्काळी वर्षी त्यांनी आपल्या कणगीतली अर्धी ज्वारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून दिलेली आहे. हे आजोबा मी आजवर नऊ विद्यार्थ्यांना उसने दिले. त्यांपैकी दोघांवर एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, एकामागून एक तेच आजोबा इंग्रजीतून सांगण्याची पाळी आली. दुसऱ्याचे सांगून झाले तेव्हा परीक्षक बाई किंचित हसल्या, एवढेच तो मला परत येऊन सांगू शकला. त्या का हसल्या, हे त्याला कळले नव्हते. मला कळले होते, आणि त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

हा काय प्रकार आहे, हे आता सांगितले पाहिजे.

मी मिरजेतल्या एका लहानशा खासगी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझे स्वतःचे रीतसर शिक्षण दहावीपर्यंतचे. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. इंग्रजी शिकलो ते वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचून आणि एक शब्दकोश पार खिळखिळा करून. पुढे मराठीत स्वतःच्या चार कादंबऱ्या लिहिल्या. त्याही आता त्याच वाचनालयात आहेत, आणि अधूनमधून कुणी चुकून नेतोही. शाळा सुटल्यावर संध्याकाळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आठदहा मंडळी जमतात. त्यांना परदेशी जायचे असते आणि त्यासाठी आयेल्ट्स नावाची इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. ज्याच्या नावापुढे एकही पदवी नाही, त्याने दुसऱ्यांना प्रमाणपत्रासाठी तयार करावे यातली गंमत मला कळत नाही असे नाही. पण पोहायला शिकवणाऱ्याला कुणी पदवी विचारत नाही. तो बुडू देत नाही ना, एवढेच पाहतात.

ही परीक्षा १९८९ सालापासून चालू आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला शून्यापासून नवापर्यंत गुण, आणि हिशेब अर्ध्या गुणापर्यंत काटेकोर. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हायची असेल आणि इंग्रजीचा पुरावा म्हणून ही परीक्षा द्यायची असेल, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची अट अशी की लेखनात निदान साडेसहा आणि बाकीच्या तिन्ही भागांत निदान सात मिळाले पाहिजेत. साडेसहा आणि सात यांच्यात कागदावर अर्ध्याचेच अंतर दिसते. ते ओलांडताना कुणाचे सहा महिने जातात, कुणाची दोन वर्षे.

यातले संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचे. समोर एक परीक्षक आणि टेबलावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र. मध्यावर हातात एक कार्ड ठेवतात. ‘तुमच्यावर ज्यांचा प्रभाव पडला अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी सांगा,’ असा काही विषय त्यावर असतो. विचार करायला एक मिनिट, आणि मग फार तर दोन मिनिटे एकट्याने बोलायचे. परीक्षक गुण देतो ते चार गोष्टी पाहून. बोलण्याचा ओघ आणि संगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. पाचवी गोष्ट नाही. तुम्ही सांगितले ते खरे की खोटे, याला गुण नाहीत. आणि परीक्षक तरी ते कसे ताडून पाहणार?

ही जी पाचवी गोष्ट नाही, तिच्यावरच माझे नाव झाले होते. ‘खरे आठवत बसू नका, सोपे ते रचून सांगा,’ असे या परीक्षेचे पुष्कळ शिक्षक सांगतात. पण रचणे हा तर माझा हातचा मळ! बोलण्याची वेळ आली की विद्यार्थ्याची जीभ अडते ती बहुधा इंग्रजीपाशी नव्हे, तर ‘काय सांगू’ यापाशी. त्यासाठी मी एका पत्र्याच्या डब्यात गोष्टी करून ठेवल्या होत्या. आजोबा, एक कडक पण प्रेमळ शिक्षिका, पुरात वाचलेले कुत्रे, हरवलेले आणि परत मिळालेले पाकीट. ज्याला जी मानवेल ती तो घेई, घोटून पाठ करी आणि पुण्यास जाऊन सांगून येई.

भाषा मोजण्याचा हा उद्योग तसा जुना आहे. केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा पहिल्यांदा घेतली ती १९१३ साली. तिला तीन जण बसले. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, उच्चारशास्त्र, शुद्धलेखन, वाचन आणि संभाषण मिळून सुमारे बारा तासांची ती परीक्षा होती, आणि तिघेही नापास झाले! नव्या मंडळींना धीर यावा म्हणून ही हकीकत मी पहिल्याच दिवशी सांगतो. सगळे हसतात आणि खोलीतली भीती जरा कमी होते.

दोन वर्षांपूर्वी ही हकीकत ऐकून एक बाई मात्र हसल्या नाहीत. मिरजेतल्याच एका इस्पितळात त्या नर्स होत्या. वय तिशीच्या आत, चार वर्षांची मुलगी सासूबाईंपाशी ठेवून येत. रात्रपाळी असली की माझ्याकडून थेट कामावर जात. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणे. त्यांचे व्याकरण नीट होते, पण बोलताना त्या थांबत फार. मी डब्यातून आजोबा काढले आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“सर, हे माझे आजोबा नाहीत.”

“ठाऊक आहे.”

“माझे आजोबा मी पाहिलेच नाहीत.”

“मग तर बरेच झाले,” मी म्हणालो, “ताडून पाहायला कुणी नाही.”

खोलीत हशा पिकला. सिस्टरनी कागदाची घडी घातली.

“आम्हांला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात, सर. जे केले नाही, ते केले म्हणून चार्टवर लिहायचे नाही. इंजेक्शन द्यायचे राहिले असेल तर राहिले असे लिहायचे. बोलणी बसतील, ती खायची. तिकडे मला याच कामासाठी घेणार ना? मग तिकडे जायच्या परीक्षेतच...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मी जरा चिडलोच. “तुम्ही पेशंटला ‘बरे व्हाल हं’ म्हणता, ते सगळे खरे असते का?”

“नसते,” त्या म्हणाल्या. “पण ते त्याच्यासाठी असते. हे माझ्यासाठी आहे.”

वाचकहो, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विद्यार्थ्याने निरुत्तर करावे हे काही नवे नाही. पण मी त्या रात्री स्वतःचा बचाव नीट मांडून पाहिला. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत लिहिले आहे. तेव्हा कुठला राम आणि कुठला आंबा, असे कुणी विचारले नाही, आणि ते वाक्य लिहून कुणी खोटारडाही ठरला नाही. सरावाची वाक्ये खरीही नसतात आणि खोटीही नसतात. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे तरी कुठे जन्माला आली होती? पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापले की वाचकाशी माझा करार होतो. मी रचणार आणि त्याने ते रचलेले आहे हे जाणून ऐकायचे. तसाच एक मूक करार परीक्षेच्या खोलीतही असेल. इतक्या उमेदवारांचे आजोबा इतके थोर कसे, हे परीक्षकालाही उमगत असणारच. जिथे कुणी फसतच नाही, तिथे खोटे कसले?

मग मला धर्मराज आठवला. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचे सांगताना त्याने जे शब्द उच्चारले त्यांत खोटा शब्द एकही नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही जमिनीवरून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, कारण त्याच्या मनात फसवायचे होते. शब्द खरे, हेतू खोटा, म्हणून पाप. मग माझ्या विद्यार्थ्यांचे नेमके उलटे आहे. शब्द खोटे, पण आजोबांच्या बाबतीत कुणाला फसवण्याचा हेतू नाही. म्हणून ते निर्दोष! हा युक्तिवाद मला इतका आवडला की त्यावर मी गाढ झोपलो.

सकाळी दात घासताना त्यातले छिद्र दिसले. आजोबांच्या बाबतीत हेतू शुद्ध असेल. पण भाषेच्या बाबतीत काय? ते प्रमाणपत्र परक्या मुलुखातल्या एका रुग्णाला असे सांगते की, ही बाई तुझ्या उशाशी असेल तेव्हा जे सांगायला हवे ते तिला इंग्रजीत सांगता येईल. आणि माझे आजोबा तोंडात घेऊन गेलेली बाई परीक्षकाला काय ऐकवते? माझे शब्द, माझी वळणे, माझे विराम. त्या दोन मिनिटांत परीक्षा माझीच होते आणि गुण तिला पडतात. खोटे होते ते आजोबांत नव्हतेच. ते ‘हे मी बोलते आहे’ या न उच्चारलेल्या वाक्यात होते. पाठ करून आणलेली उत्तरे परीक्षकांना चालत नाहीत ती याचसाठी. धर्मराजाचा रथ खाली आला होता हे खरे. पण तो माझ्या अंगणात आला होता.

मग विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत स्वतःच काही रचले तर? त्यात मला परीक्षेच्या दृष्टीने दोष दिसत नाही, आणि आजही मी तसे करणाऱ्याला अडवत नाही. पण ज्या माणसाला एका भाषेत आयुष्य काढायचे आहे, त्याने त्या भाषेत पहिले पाऊल कशावर टाकावे, हा प्रश्न उरतोच.

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहिलेला पहिला सबंध मजकूर कोणता, आठवून पाहा. रजेचा अर्ज! ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.’ आणि तो लिहिताना ताप कुणाला होता? आपण तर मामाच्या लग्नाला निघालो होतो. पण लग्नाचे इंग्रजी येत नव्हते आणि तापाचे वाक्य फळ्यावर तयार होते. दुसरा मजकूर मित्राला पत्राचा. त्यात आपण महाबळेश्वरला सुटी घालवून आलेलो असतो. प्रत्यक्षात सगळी सुटी शेतावर गेलेली असते. मराठी आपण शिकलो ती ‘भूक लागली’, ‘दुखतंय’, ‘मला घे’ अशा खऱ्याखुऱ्या गरजेने. इंग्रजी शिकलो ती न आलेल्या तापाने. म्हणून आपल्यातला चांगला बोलका माणूसही इंग्रजीत शिरला की कुणा दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा अवघडतो. वाघिणीचे दूध म्हणून जिचा गौरव केला, ती भाषा आपण बाटलीने, दुसऱ्याच्या हातून पीत आलो. यात मुलांचा दोष नाही. तो फळा मीही लिहिला आहे, वीस वर्षे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना म्हणालो, “बरे, खरे ते सांगा. तुमच्या मनात कुणी वडीलधारे माणूस आहे का?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, एक म्हातारी आहे. जत तालुक्यातल्या एका खेड्यातली. वॉर्डात अठरा दिवस होती, आणि रात्री घरचे कुणी जवळ नसे. ती रोज पहाटे यांना विचारी, “पोरी, तू जेवलीस का?” सबंध इस्पितळात हा प्रश्न यांना विचारणारे दुसरे कुणी नव्हते. घरी जायच्या दिवशी म्हातारीने यांच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटे मोडली.

हे मराठीत सांगायला त्यांना एक मिनिटही लागले नाही. इंग्रजीत सांगायला लागल्या आणि बोटांपाशी अडल्या. कानशिलावर बोटे मोडणे याला इंग्रजी शब्द काय? मला ठाऊक नव्हता. शब्दकोशातली ‘बोटे मोडणे’ निराळी. ती शापाची, ही मायेची. मी म्हणालो, “शब्द नाही. तुम्ही समोरच्याला दाखवताय असे समजा आणि काय होते तेवढे सांगा.”

त्या दिवशी अर्धा तास आम्ही त्या एका हालचालीपाशी होतो. आधी हात कुणाच्या चेहऱ्यावरून फिरतात, मग ते कुणाच्या डोक्याशी जातात, बोटांचा आवाज का यायला हवा, आणि तो आला म्हणजे काय झाले असे मानायचे. शेवटी सिस्टरनी जी चार वाक्ये जुळवली, त्यांचा अर्थ असा होता: माझ्यावर येणारे संकट तिने माझ्या तोंडावरून पुसून काढले, आपल्या डोक्यापाशी नेले आणि तिथे ते मोडून टाकले. आवाज आला म्हणजे ते मोडले. वाक्ये साधी होती, पण एकही माझे नव्हते. नेमका शब्द नसताना अर्थ दुसऱ्या वाटेने पोचवता येणे, याला या परीक्षेच्या वरच्या गुणांत मान आहे, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. ते घडताना मी पहिल्यांदा पाहिले. माझ्या आजोबांनी कुणालाच कधी शब्द शोधायला लावला नव्हता, कारण जे शब्द मला येत होते तेवढेच मी त्यांच्यात घातले होते.

आता या गोष्टीचा शेवट गोड करायचा मोह मला होतो आहे, सवय वाईट. पण झाले ते असे. सिस्टर रात्रीच्या गाडीने पुण्यास गेल्या, आणि त्यांना संभाषणात साडेसहा मिळाले. अर्धा कमी. पंधरा हजारांहून जास्त रुपये फी होती, ती गेली. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाने माझे आजोबा सांगून सात मिळवले, आणि तो मला पेढे द्यायला आला. सिस्टर आल्या तेव्हा पेढ्यांचा पुडा टेबलावरच होता. मी ओशाळून म्हणालो, “मी तुमचे नुकसान केले.” त्या म्हणाल्या, “नाही सर, मीच मध्ये दोनदा थांबले. पुन्हा बसेन.” पाच महिन्यांनी त्या पुन्हा बसल्या. कार्डावर विषय निराळा होता, पण याही वेळी त्यांनी खरे तेच सांगितले, आणि सात मिळाले.

म्हणजे खरे सांगून एकदा कमी पडले आणि एकदा पुरले. तेव्हा सत्याने गुण वाढतात की घटतात, हे या एका उदाहरणावरून मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये. परीक्षेच्या चार मापांत सत्य नाही, हे मी आधीच सांगितले. ते नसावे हेही रास्तच आहे. तराजूने वजन करावे, फळ कुणाच्या बागेतले हे विचारू नये. पण तराजूने जे विचारले नाही ते माळ्यानेही विचारू नये, असे थोडेच आहे?

गेल्या दिवाळीत सिस्टरचा इंग्लंडातून फोन आला. त्यांच्या वॉर्डात एक वृद्ध बाई आहेत, त्यांना रात्री झोप येत नाही. एकदा त्या म्हणाल्या, तुझ्याकडचे काहीतरी सांग. तेव्हा हातात ना कार्ड, ना विचाराला मिनिट. सिस्टरनी जतच्या म्हातारीची हकीकत सांगितली. बाईंनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, तो आवाज कसा येतो, करून दाखव. ही हकीकत मी रचलेली नाही. पण माझ्यासारख्या माणसाने तसे सांगितले तर तुम्ही ते का मानावे, ही तुमची शंका मला मान्य आहे. नऊ जणांना आजोबा वाटल्यावर ही शिक्षा भोगलीच पाहिजे.

डबा अजून कपाटावर आहे. मी तो टाकलेला नाही. आपली लबाडी नजरेसमोर असलेली बरी. या महिन्यात पन्हाळ्याकडचा एक मुलगा नव्याने येऊ लागला आहे. त्याला कुणीतरी सांगितलेले होते. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “सर, ते आजोबा द्या ना.”

मी विचारले, “तुझे आजोबा काय करायचे?”

“काही नाही सर. गुऱ्हाळात गुळव्या होते.”

“गुळव्या म्हणजे काय, हे माहीत नसलेल्या माणसाला कसे सांगशील?”

तो म्हणाला, “काहिलीत रस उकळतो, सर. कधी उतरवायचा ते त्यांना नुसत्या वासावरून कळायचे.” आणि मग गोऱ्या परीक्षकाला काहील कशी समजावून सांगावी, या विचारात तो पडला. मी घड्याळ पाहिले नाही.